हरिभाऊंची आखणी

अहो, पेणच्या मूर्तिकार हरिभाऊंना थांबा म्हणायचं काम माझ्यासारख्या प्रोफेसरावरच का आलं, मला अजून कळत नाही. हात कापायला लागला, तरी गणपतींच्या डोळ्यांची आखणी ते सुनेला करू देत नव्हते. मी भीत भीत एका ब्रिटिश मुष्टियोद्ध्याची गोष्ट काढली. कित्येक वर्षं विजेता होता, निवृत्त झाला, पण राहवेना म्हणून पुन्हा रिंगणात उतरला आणि बेदम मार खाल्ला.

हरिभाऊंनी विचारलं, "त्याला थांब म्हणणारा कोण नव्हता काय?"

"होते. पण घाबरत होते."

"तुमच्यासारखे?"

मी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांनी बराच वेळ हातातल्या कुंचल्याकडे पाहिलं, मग तो शेजारी रंग कालवत बसलेल्या सुनेपुढे धरला.

"घे गो, आजपासून डोळे तू आख. आणि प्रोफेसरांना आधी पाणी दे, घामाघूम झालेत."