पित्तनलिकेतली कात्री

आता तुम्हीच सांगा, माणसानं दोन घास सुखानं खावेत की नाही? पण आमच्या घरात पहिला घास तोंडात गेला रे गेला की बायको सुरू... "अहो, पित्तनलिकेच्या कॅन्सरच्या पेशी ना, एक एन्झाइम सोडतात. प्रथिनं कातरणारं!" घ्या! जेवा आता! बरं, नंतर बोल म्हणावं, तर... माझं ऐकतंय कोण?

आणि तुम्हाला सांगतो, रागवायचीही सोय नाही. हिचे वडील त्याच दुखण्यानं गेले. डोळे पिवळे झाले तेव्हा कळलं, तोवर सगळं हाताबाहेर गेलेलं! तेव्हापासून ही प्रयोगशाळेत आणि ते एन्झाइम आमच्या ताटात. ते म्हणे भोवतीचं जाळं कातरून गाठीला पसरायला वाट करून देतं, वर कॅन्सरशी लढणाऱ्या पेशींना जाणारे निरोपही वाटेतच कातरतं. म्हणजे भिंतही फोडायची आणि फोनची वायरही तोडायची! हिनं काय केलं, उंदरांना औषध देऊन त्या एन्झाइमच्याच मुसक्या बांधल्या. उंदरांच्या गाठी वाढायच्या थांबल्या, लढणाऱ्या पेशी आत घुसल्या!

तर हिचे साहेब म्हणतात कसे, नाकातून, "मॅडम, तुम्हाला जे हवंय तेच तुम्हाला दिसतंय." असं? ही म्हणाली, "मग मी बघतच नाही. गाठींचे काप ठेवलेल्या काचांवरच्या खुणा झाका आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा." अहो, त्या बाई पोटच्या पोरीला कधी चांगलं म्हणाल्या नाहीत! मी म्हटलं, जरा दमानं घे... माझं ऐकतंय कोण?

निकालाच्या दिवशी ही नेमका चष्मा विसरली. द्यायला गेलो तो दारातच खिळलो. आत साहेबांसकट सगळे जमलेले! बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "या काचा औषध दिलेल्यांच्या. या न दिलेल्यांच्या. आंधळ्यालाही दिसेल, साहेब!" खुणा उघडल्या... एकूण एक बरोबर! साहेब उठले आणि स्वतः टाळ्या वाजवायला लागले हो! मी दारात मुळूमुळू रडतोय, आणि ही एवढंच म्हणाली, "बाबा हवे होते."

येताना छाती फुगवून गाडी चालवली मी! जसा काही मीच साहेब! म्हटलं, "जिंकलीस! आता मस्त सुट्टी घे. ते एन्झाइम संपलं एकदाचं."

"संपलं? अहो, माणसापर्यंत पोचायचंय अजून! आणि अशी कातरणारी शेकड्यांनी आहेत!"

"अगं, पण आज तरी..."

माझं ऐकतंय कोण? मुकाट्यानं गाडी वळवली... परत प्रयोगशाळेकडे!