तपासणीला न आलेला वेल्डर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील अधीक्षक साहेब, समोर बसलेले डॉक्टर मित्र, सिस्टर, ऑपरेशन थिएटरमधले मामा-मावशी आणि आजच्या सत्कारमूर्ती, अर्थात आपल्या मॅडम, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मॅडमनी आधीच बजावलंय की स्तुती नको. त्यामुळे मी फक्त आमच्या भांडणाबद्दल बोलणार आहे.

काहींच्या डोळ्यात मांस वाढतं आणि हळूहळू बुबुळावर चढतं. ते काढणं सोपं. पुन्हा वाढू न देणं अवघड. म्हणून रिकाम्या जागी त्याच डोळ्याच्या पातळ आवरणाचा तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, बसवतात. तो टिकवायचा कसा? मॅडम केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालायच्या. मी नवा, चार बुकं जास्त शिकलेला. म्हटलं, टाके कशाला? जखमेतल्या रक्तावरच ग्राफ्ट ठेवायचा, दहा मिनिटं धरायचा, चिकटतो. पेशंटला टोचतही नाही.

मॅडम म्हणाल्या, "आणि घरी जाऊन त्यानं डोळा चोळला म्हणजे?"

शेवटी विभागानं ठरवलं: दोघांनी तीस-तीस पेशंट करायचे, वर्षभर तपासायचे. ज्याच्याकडे मांस कमी वेळा परत येईल त्याची पद्धत इथे शिकवायची, दुसरी बंद.

वर्ष संपलं. मॅडमकडे एकाचं परत आलं, माझ्याकडे दोघांचं. माझा चेहरा कसा पडला होता, ते सिस्टरना विचारा. शेवटच्या तपासणीला मॅडमचा एक पेशंट आला नव्हता, माझे दोन. न आलेल्यांना कोण विचारतो? आपण धरूनच चालतो की ते बरे असणार.

मॅडमनी धरलं नाही. रविवारी खिशात टॉर्च घालून त्या आपल्या पेशंटच्या वर्कशॉपवर गेल्या. तो वेल्डर. मांस परत वाढलं होतं. "मग आला का नाहीस?" तर तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या मन लावून टाके घातले होते, मॅडम. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सोमवारी त्यांनी स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहिलं. दोन-दोन, बरोबरी. माझी पद्धत वाचली होती. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. मंडळी, आज सगळ्यांसमोर सांगतो, त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी मीही माझ्या दोघांना शोधायला निघालो. एक ठणठणीत होता. दुसऱ्याचं परत वाढलं होतं. तेही लिहिलं. तीन-दोन. म्हणजे मी हरलो.

मॅडमनी रजिस्टर वाचलं, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "एका पेशंटच्या फरकानं पद्धत बंद करायची नसते. मी विभागाला तसं कळवते."

त्या आहेत म्हणून आज इथे दोन्ही पद्धती शिकवल्या जातात. मॅडम, मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

अध्यक्ष महोदय, आपण बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कमी-जास्त झालं असेल, तर सर्वांनी मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या वेल्डरचं दुसरं ऑपरेशन मॅडमनी मला करायला लावलं, रक्ताच्या पद्धतीनं. आणि तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माझ्या मॅडम शेजारच्या स्टुलावर बसून म्हणाल्या, "सावकाश कर. मला शिकायचंय."