पोरकिड्यांचा तांदूळ

मला दानशूर म्हणता ना? मग ऐका. आमच्या बेलवलीच्या सोसायटीने गरजूंसाठी धान्य गोळा केलं. घरातल्या जुन्या तांदळात पोरकिडे झाले होते. बायको म्हणाली, “टाकून द्या.” मी म्हटलं, “टाकायचा कशाला? घेणारे निवडून घेतील.” दिला पिशवीत भरून!

वाटपालाही मीच घरोघर मिरवत गेलो. नेमकी माझीच पिशवी एका मावशींच्या वाट्याला आली. त्यांनी माझ्यासमोरच तांदूळ सुपात ओतला. किडे चालायला लागले. मावशींनी सूप बाजूला सारलं. म्हणाल्या, “पहिल्यांदा घरी आलात, जेवल्याशिवाय जायचं नाय.”

“नको हो, पोट भरलंय,” मी म्हटलं.

“घाबरू नका,” मावशी उठल्या, “हा नाय वाढत तुम्हाला. शेजारणीकडनं चांगला आणते.”