दोन वर्षांची तारली

अगं, आठवलं तरी अजून धडधडतं. निखिलची आई त्याच्यासोबत पहिल्यांदाच आमच्या करी रोडच्या घरी आली होती. काकू वरळी कोळीवाड्याच्या, उभा जन्म मासळी विकण्यात गेलेला. त्यांना आपण मासा करून वाढायचा म्हणजे माझे हातपाय गार! म्हणून मी पोर्तुगालचा महागडा डबा फोडला आणि ऑलिव्ह तेलातली तारली टोस्टवर मांडून दिली.

आणखी एक भीती होती. निखिलचं नि माझं जुळून दोन वर्षं झाली होती, पण इतके दिवस लपवलं म्हणून त्या चिडतील. तेव्हा 'सहा महिने' सांगायचं, असं आमचं ठरलं होतं.

काकूंनी घास घेतला. "बरी हाय गो. कधी पकडलेली?"

मी डबा उलटून तारीख वाचली. "दोन... दोन वर्षांपूर्वी."

"आगो बाय! दोन वर्सां?" त्यांनी तरीही दुसरा टोस्ट उचलला. "आनि तुमचं कधीपास्नं?"

"सहा महिने!" मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

तेवढ्यात लिंबू कापायला निखिल उठला. कुणालाही न विचारता सरळ आत गेला आणि डाळीच्या डब्यामागे ठेवलेली आमची सुरी घेऊन आला.

काकूंनी सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटावरचं तेल शांतपणे चाटलं.

"पोरी, मासळीवालीला शिळं-ताजं कळत नाय व्हय? आता आनखी डब्यात ठेवू नका. लग्नाची तारीख काढा."