खंडेनवमीला उतरवलेला सेट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नायगावच्या बसथांब्यावर, बंद पडलेल्या गिरणीतले जुने विणकर तुळशीदास रांगेत उभे होते. पुढे शिवा आणि हरेश ही दोन पोरं, दोघं मिळून खेळत असलेल्या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेमवरून भांडत होती.

"सहा महिने घालवले रे! तलवार, ढाल, हेल्मेट, चिलखत, सगळा सेट जमवला. आणि तू तो हीरोच्या अंगावरून उतरवलास?" शिवा ओरडला.

"खंडेनवमी होती. पूजेला काढून ठेवला."

"गेममधली शस्त्रं? येड्या, पूर्ण सेट अंगावर असेल तरच ताकद मिळते! तू चाल संपवलीस, समोरच्याने हीरोला उडवला, सेट घेऊन गेला. आणि वर तू गेम सेव्ह केलास, आता मागेही जाता येत नाही!"

"त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत आमच्यात. माझ्या आजोबांनी गिरणीच्या संपातसुद्धा मागाची पूजा चुकवली नाही. गिरणीच्या गेटला कुलूप होतं, तर कुलपालाच हार घातला."

"मग? उघडलं गेट?"

हरेश वाकून बस येतेय का ते पाहू लागला.

"बोल ना! काय मिळालं त्या येड्या म्हाताऱ्याला?"

तुळशीदासांनी मागून शिवाची कॉलर धरली.

"येडा कोणाला म्हणतोस रे? त्या हाराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं."