लांब नळीची बंदूक

भिवंडीच्या स्टँडवर वज्रेश्वरीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी समोरून जाणाऱ्या नारपोलीच्या सुताराला हाक मारली.

"यूनुसभाई, फोन का उचलत नाही? माझा जीव टांगणीला लागलाय."

"रंधा चालू होता बाई, ऐकू नाय आला."

"काल माझ्या लेकाने, गंधारने, तुम्हाला बंदुकीची नळी कापायला सांगितली?"

"हां. बोलला, जुना लाकडी दस्ता वाळवीने खाल्ला, आता घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीसारखा नवा बसवा. हातभर नळी कापून टाका."

"अहो, माझ्या पणजोबांची आहे ती! कापलीत?"

"ऐका तर. नळी मांडीवर घेऊन बघितली. मागे आठ पैलू, पुढे गोल, तोंडाकडे बारीक. ही तर पायदळाची लांब, चकमकीच्या दगडावर उडणारी बंदूक. तिला आखूड दस्ता म्हणजे उंचपुऱ्या माणसाला पोराची चड्डी."

"कापलीत की नाही, तेवढं सांगा!"

"नाय कापली. शिसवीचा लांब दस्ता घडवतोय."

"देवा! सुटले बाई. पण गंधारच्या शोकेसमध्ये मावत नाही, म्हणून तर तो कापायला निघाला होता."

"आता मावेल. सकाळी त्याच्या घरी करवत घेऊन गेलो, शोकेसची बाजू कापली."

"आणि गंधारने कापू दिली?"

"तो ड्युटीवर होता. फळी सूनबाईंनी धरली."