मक्केला गेलेली चिचुंद्री

...नाही पण मला सांगा, आखाती युद्ध चालू, डोक्यावरून स्कड क्षेपणास्त्रं जातायत, सौदीतलं आमचं अर्धं अल-खोबर सामान बांधून पळतंय, आणि मी कुठे? स्वयंपाकघरात पालथा पडून फ्रीजखाली सुका बोंबील नाचवतोय! कोणासाठी? चिचुंद्रीसाठी! तुम्हाला सांगतो, माणसाच्या नशिबात काय काय असतं...

म्हणजे झालं असं, की माझा मेहुणा वहाब मक्केला हॉटेलात कामाला. त्याचा फोन आला, "दुल्हाभाय, निघा तिथून, इथे खोली ठेवलीय." कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा त्या अरब मालकानं, सुट्टी दिली, स्वतःची जुनी टोयोटा दिली. आता निघायचं ना? तर आमची बायको, जोहरा, सुटकेसवर बसून राहिली! का? तर विषारी गॅस आत येऊ नये म्हणून मी घराची फट न फट चिकटपट्टीनं बंद केलेली, आणि चिचुंद्री आत! "कुलूप लावून गेलो तर उपाशी मरेल ती. जीव आहे. मारायचं नाही, सोडायचं!" अगं, आपणच मेलो तर? "मारायचं नाही, सोडायचं!" खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. आदल्या संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा आमची झोया माझा हात सोडेना. मला फक्त त्या पोरीला तिथून बाहेर काढायचं होतं, बस्स!

तर पिंजरा लावला, बोंबील टांगला, आणि दुपारी खटका पडला एकदाचा. पण चिडलेली चिचुंद्री म्हणजे... घेतलाय का कधी तो वास? डोळ्यांतून पाणी! म्हटलं, जिन्यात सोडतो. "जिन्यात मांजरं आहेत." बरं, समुद्रावर? "समुद्रात तेल सोडलंय म्हणतात." मग वाटेत सोडू, बसा गाडीत!

चौकीवर शिपायानं खिडकीतून डोकं आत घातलं. "एश हादा?" म्हणजे हे काय आहे म्हणून विचारतोय. मी पिंजऱ्यावरचं फडकं उचललं मात्र... गडी तीन ताड उडाला, गॅसचा मुखवटा चढवला आणि आतून ओरडतोय, "यल्ला! यल्ला!" म्हणजे निघा, निघा! तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, कंपनीनं गॅससाठी दिलेले मुखवटे आपल्याकडेही आहेत की! चढवले तिघांनी. युद्धाचा गॅस राहिला बाजूला, अख्खा प्रवास चिचुंद्रीपायी मुखवट्यात!

वाळवंट लागलं. मी गाडी थांबवली. मुखवट्यातून जोहरा, "इथे? पाण्याचा थेंब तरी आहे का?" रियाध मागे टाकलं, पुन्हा थांबवली. "रणगाडे दिसत नाहीत तुम्हाला?" तायफच्या घाटात तर, "किती गारठा आहे हो, तिच्या अंगावर काय आहे?" अगं, माझ्या अंगावर काय आहे ते बघ! मागून झोया, "अब्बा, शी इज स्केअर्ड!" म्हटलं, बेटा, तुझा बापही आहे...

पोचलो बाबा मक्केला. वहाबच्या खोलीत पिंजरा टेकवतोय न टेकवतोय तोच झोयानं "यू आर सेफ नाऊ!" म्हणत दार उघडलं, आणि ती गेली सुळकन कपाटाखाली! मी झाडू उचलला. मारायला नाही हो, बाहेर हाकलायला! तर वहाबनं माझं मनगटच धरलं. "दुल्हाभाय, काय करता? ही हरमची, पवित्र जागेची हद्द! इथे जनावराला मारायचं तर नाहीच, हुसकवायचंपण नाही!" मी जोहराकडे बघितलं. ती शांतपणे बोंबील काढत होती. "ऐकलंत ना? मारायचं नाही, आणि आता सोडायचंही नाही."

युद्ध संपलं, आम्ही परत खोबरला आलो, खिडक्यांच्या पट्ट्या खरवडून काढल्या. वहाब अजून फोन करतो, नाक दाबून बोलतो. काय करणार? इथे मी इकाम्यासाठी, म्हणजे राहायच्या परवान्यासाठी, दरवर्षी कफीलच्या दारात उभा... आणि ती? ना इकामा, ना कफील, मक्केत कायमची राहिलीय!